लीलाधरच्या हातचं तेल

लीलाधर महाजनला कुठं परगावी लग्नाला नेलं, तर मांडवात बसायच्या आधी तो त्या घराचं फाटक हलवून पाहतो. कुरकुरलं तर खिशातून बोटभर कुप्पी काढतो, बिजागरीत तेल सोडतो आणि मंग पंगतीला बसतो. बुऱ्हाणपुरात पस्तीस वर्षं पावरलूमवर जॉबर म्हणून राबलेला माणूस. जॉबर म्हणजे थांबलेला लूम चालता करणारा. मालक वेगळा, कापड विणणारा वेगळा. पण लूम अडला की दोघंही जॉबरच्या तोंडाकडं पाहतात. त्या धंद्यात पहिली शिकवण एकच. सकाळी लूम सुरू करायच्या आधी कुप्पी घेऊन सगळ्या सांध्यांतून फिरायचं. जिथं आवाज, तिथं तेल. आणि हात आखडायचा नाही. जास्तीचं तेल खाली गळतं, जमीन पिते, कोणाचं काही बिघडत नाही.

सात वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली. छोटी, चार दारांची. आधीच्या मालकानं ती वाड्याबाहेर उभी करून कोंबड्यांच्या हवाली केली होती. मागच्या सीटवर अंडी निघाली असं मालूबाई सांगते. लीलाधर म्हणतो, एकच होतं.

मालूबाई त्याची बायको. गाडी तिच्या पायासाठी घेतलेली. शेतात बांधावरून पडून तिचा गुडघा मोडला, आत सळई बसली, तेव्हापासून पाय वाकत नाही. मोटरसायकलवर बसवलं तर पाय आडवा राहतो आणि समोरून येणारा शिव्या देतो. बसची पायरी तिला चढवत नाही. आणि दर मंगळवारी तिला डोईफोडियाला जायचंच असतं, आईकडं. कौतिकबाई नव्वदीला टेकली आहे, खाटेवरच असते. मुलगा-सून नीट सांभाळतात, वेळेवर ताट देतात, पण म्हातारी अंगाला हात लेकीशिवाय कोणाला लावू देत नाही. मालूबाई गेली नाही तर आठवडाभर तशीच पडून राहते. हट्ट म्हणा, लाज म्हणा. मंगळवारी लेक जाते, आईला न्हाऊ घालते, चादर बदलते, आणि मंग दोघी मिळून सुनेच्या भाजीला नावं ठेवतात.

तर ही गाडी लीलाधरनं गॅरेजला कधी दाखवली नाही. बुधवाऱ्याच्या गल्लीत, स्वतःच्या ओट्यासमोर, गोणपाट अंथरून तो तिच्याखाली शिरायचा. मोडीत निघालेल्या लूमच्या लोखंडी पट्ट्या कापून त्यानं पुढच्या डाव्या सीटखालची पटरी वीतभर मागं वाढवली, म्हणजे मालूबाईचा पाय सरळ राहील. मागं एकच माणूस बसू शके, पण बसायला होतं कोण? इंजिनाखालची रबरं फाटली तेव्हा त्यानं तिथं लूममधलं जाड चामडं बसवलं, इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याचे टोले खाऊन खाऊन घट्ट झालेलं. सीटची कव्हरं मालूबाईनं मांजरपाटाच्या तुकड्यांची शिवली. नवी वस्तू विकत आणणं हे लीलाधरच्या मते हात नसलेल्यांचं काम.

त्याचा चुलतभाऊ वसंत बसस्टँडकडं गाडीच्या सामानाचं दुकान चालवतो. तो येता-जाता टोमणा मारायचाच.

"दादा, हे गाडी हाय का लूम? सुरू केली की मले वाटते आता कापड निघते."

"निघालं त तुह्याच दुकानाले पडदा शिवीन."

"एक वस्तू तरी माह्याकडून नेशील का जिवंतपणी?"

"तुह्याकडची वस्तू नवी असते रे. तिचा भरवसा काय?"

या साली गाडीला वीस वर्षं भरत होती. पाच वर्षांपूर्वी एकदा नोंदणीचा कागद वाढवून झाला होता, आता पुन्हा पाळी आली. आरटीओच्या आवारात गाडी न्यायची, साहेब पाहणार, पास केली तर आणखी पाच वर्षं. तारीख मिळाली ती मंगळवारची, आणि कागद संपायला पुढं दोनच दिवस. लीलाधरनं घरात सांगून टाकलं, "यावेळी नाही झाली त मी भंगारवाल्याले देतो. तो तीनदा इचारून गेला. आता माह्या कंबरेनं गाडीखाली जाणं होत नाही."

"मंग मी मंगळवारी काय करू?" मालूबाई म्हणाली.

"फोनवर बोलत जा आईसंगं."

"फोनवर आंघोळ घालता येते का?"

लीलाधर उठून गाडीकडं गेला.

रविवारी त्यानं गाडीचा खिळा न् खिळा तपासला. दिवे लागले, भोंगा वाजला, वायपर फिरला. फक्त हँडब्रेक सोडताना मागच्या चाकांतून चूं करून आवाज यायचा. साहेबासमोर असा आवाज आला तर? त्यानं दोन्ही मागची चाकं काढली, ब्रेकचे ड्रम उतरवले आणि आतले सगळे सांधे लूमच्या तेलानं भिजवले. लूमला घालतो तसंच घातलं, हात न आखडता. चाकं चढवली, हँडब्रेक ओढला, सोडला. आवाज नाही. गल्ली सपाट, त्यामुळं ब्रेक धरतो का नाही हे पाहायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी अकराच्या सुमाराला दोघं निघाले. आरटीओचं काम झालं की तसंच डोईफोडियाला जायचं, म्हणून मालूबाईनं आईचं धुतलेलं लुगडं पिशवीत घेतलं. गावाबाहेर पडले, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या. नाल्याच्या पुलाआधी चढ आहे, तिथं लीलाधरनं गाडी थांबवली. रस्त्यावर माती उडाली होती आणि साहेबासमोर मळक्या तोंडाची गाडी न्यायला त्याचं मन होईना. इंजिन चालूच ठेवलं, कारण चालता लूम मधेच बंद करायचा नसतो हेही त्याच्या हाडात बसलेलं. हँडब्रेक ओढला, गिअर काढला, फडकं घेऊन उतरला आणि पुढचे दिवे पुसायला लागला.

एक दिवा पुसून झाला. दुसऱ्यावर फडकं ठेवलं तर दिवा तिथं नव्हता. गाडी मागं चालली होती. हळूहळू, एखादा पाहुणा निरोप घेत उलट्या पावलानं मागं सरावा तशी. काचेतून मालूबाई त्याच्याकडं पाहत होती आणि लांब लांब जात होती.

लीलाधर पळाला. साठीतला माणूस पळून पळून किती पळणार? उतारावर गाडीनं वेग धरला, रस्ता सोडला, आणि रस्त्याच्या कडेला कोण्या शेतकऱ्यानं घड उतरवून कापलेल्या केळीच्या खांबांचा जो ढीग लावला होता, त्यात जाऊन बसली. केळीचा खांब म्हणजे निव्वळ पाणी. फच्च असा आवाज आला आणि इंजिन तसंच गुरगुरत राहिलं. पुलाखालून वळून आलेला तोच नाला पाच पावलं पलीकडं होता.

लीलाधरनं धापा टाकत दार उघडलं. "कुठं लागलं?"

"नाही लागलं."

"कुठं लागलं ते सांग ना."

"नाही म्हणून राहिली ना मी. कुठं लागलं, कुठं लागलं काय लावलं? आधी ते इंजिन बंद करा."

त्यानं बंद केलं. मंग तिथंच रस्त्याकडेला बसला. मालूबाईनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्याकडं दिली, खरं म्हणजे पाणी तिला द्यायला पाहिजे होतं.

उठल्यावर त्यानं चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून हुंगलं. तो वास त्याला झोपेतही ओळखू आला असता. लूम उघडा असतो, जास्तीचं तेल खाली जातं. ब्रेकचा ड्रम म्हणजे झाकण घातलेलं भांडं. तेलाला बाहेर जायला वाट नाही, चाक फिरलं तसं ते आतच उडालं आणि ब्रेकचं पकडायचं अस्तर चोपडून बसलं. पायाचा ब्रेक पुढच्या चाकांवर चालत होता म्हणून त्याला वाटेत काही कळलं नाही.

"मी टाकलं," तो म्हणाला.

"काय टाकलं?"

"तेल. ब्रेकमंदी."

"कायले?"

"आवाज येत व्हता."

"मंग येऊ द्यायचा ना," मालूबाई म्हणाली.

साडेअकरा वाजले होते. साहेब चारपर्यंत बसणार होते. आज गाडी गेली नाही तर पुढची तारीख कधी मिळेल ते देव जाणे, आणि परवापासून गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. लीलाधरनं आधी चाकांना दगड लावले. मंग आयुष्यात पहिल्यांदा वसंतला फोन करून नवी वस्तू मागितली.

"मागच्या ब्रेकचे शू पाह्यजे. दोन्ही चाकांचे."

"नवे?" वसंतला खरं वाटेना.

"नवे. आन् बाटलीभर पेट्रोल आण. कुठं हाय ते सांगतो, पण हसू नको."

वसंत अर्ध्या तासात मोटरसायकलवर आला. ढिगात रुतलेली गाडी पाहून तो हसला नाही. आधी वहिनीकडं गेला, तिला नीट पाहून घेतलं, आणि मंगच ड्रम उतरवायला बसला. ड्रम निघाला तसं आतलं तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"दादा," तो म्हणाला, "वांग्याच्या भाजीलेही माणूस एवढं टाकत नाही."

"बोलून घे. आज तुहा दिवस."

"मी कुठं बोललो? भाजी बोलून राहिली."

दोघांनी ड्रम पेट्रोलनं तीन-तीनदा धुतले, कोरडे पुसले, अस्तर लावलेले नवे शू बसवले. लीलाधरचा हात एकदा सवयीनं खिशातल्या कुप्पीकडं गेला. मालूबाईनं गाडीच्या पलीकडून नुसतं खाकरलं. त्यानं कुप्पी काढली आणि वसंतच्या हातात दिली. "ठेव तुह्याजवळ. उद्या दे." सव्वादोनला दोघांनी ढकलून गाडी रस्त्यावर आणली. मागच्या बंपरवर केळीचा चीक काळपट पडला होता. तो धुवून जात नाही, आमच्याकडं कोणी पुसायच्या भानगडीतही पडत नाही. मंग वसंतनं त्याच चढावर गाडी नेली, हँडब्रेक ओढला आणि उतरून पुढून खांदा लावून पाहिला. गाडी हलली नाही. पुन्हा नेली, पुन्हा पाहिलं.

आरटीओच्या आवारात त्यांच्या पुढं सात गाड्या होत्या. पाळी आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. साहेब तरुण होते, हिंदी बोलणारे, फार बोलत नव्हते. त्यांनी दिवे लावून पाहिले, भोंगा वाजवला, चेसिसचा नंबर कागदाशी ताडला. डाव्या सीटची वाढवलेली पटरी पाहिली, सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवली. पलीकडं काठीवर उभ्या मालूबाईच्या पायाकडं एकदा पाहिलं. सीट जागची सरकली नाही. ते गाडीच्या मागं गेले.

"ये पीछे क्या लगा है?"

"केले का चीक, साब," मालूबाई म्हणाली. "निकलता नहीं."

"अच्छा. काका, गाड़ी उधर चढ़ाई पे लो." आवाराच्या फाटकाशी उतार होता. मालूबाई गाडीच्या मागं न थांबता बाजूला भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"न्यूट्रल करो. हैंडब्रेक खींचो. अब पाँव हटाओ."

लीलाधरनं हँडब्रेक ओढला, गिअर काढला, पण ब्रेकवरचा पाय काही उचलेना. त्याच्या डोळ्यापुढं काचेतली मालूबाई होती, लांब लांब जाणारी.

"काका, पाँव हटाओ."

त्यानं पाय उचलला, लोण्यातून केस काढावा तसा. गाडी उभी राहिली. साहेबांनी पुढून हात लावून रेटलं. गाडी उभीच. ते कागदावर काही तरी लिहून पुढच्या गाडीकडं वळले आणि वळता वळता म्हणाले, "हो गया. पाँच साल."

लीलाधर गाडीतून उतरला नाही. मालूबाईला स्वतःच दार उघडून, पाय आत घेऊन बसावं लागलं. "चला," ती म्हणाली, "म्हातारी बोंबलत असंल."

डोईफोडियाला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. कौतिकबाई खरंच बोंबलत होती, सकाळपासून पाणी तापून दोनदा गार झालं म्हणून. मालूबाईनं आल्या आल्या पदर खोचला. सुनेनं लीलाधरला ओट्यावर भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. भाजीवर तेलाचा तवंग होता. त्यानं एकदा ताटाकडं पाहिलं आणि मान खाली घालून चार भाकरी खाल्ल्या. हात धुवून खाटेवर टेकला तो चपलांसकट झोपला. इतकी वर्षं सासुरवाडीला येतो आहे, पण दिवसाउजेडी तिथं कधी आडवा झाला नव्हता.

आतून म्हातारीनं विचारलं, "जावाई निजले का?"

"निजले. दमले आज." मालूबाई तिचं अंग पुसत होती. "गाडीचा कागद झाला, माय."

"कितीक वरसाचा?"

"पाच."

मालूबाईनं तिचा पाय मांडीवर घेतला आणि नखं काढायला कात्री उघडली. कौतिकबाईनं पाय मागं घेतला.

"राहू दे आज," ती म्हणाली. "आता अंधार पडते. पुढच्या मंगळवारी काढजो."