पाणी बदललं का?

विमलताई आज सकाळी गेल्या. उंदरांना पाण्यात सोडण्यात अख्खं आयुष्य गेलं या बाईचं.

हसू नका. नैराश्यावरचं औषध असंच तपासतात.
काचेच्या उंच भांड्यात पाणी, त्यात उंदीर. आधी धडपडतो, मग हातपाय गाळून नुसता तरंगतो. औषध लागू पडलं तर जास्त वेळ धडपडतो. मग त्याला काढायचं, पुसायचं, ऊब द्यायची.

ऐंशीच्या दशकातलं आमचं धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. कॉलेजची लॅब. ताई तामलवाडीच्या, मला सीनियर. मी भूमचा, म्हणून त्यांच्या तोंडी कायम "ए भूमकर".
कडक इतक्या, की त्यांच्यासमोर शिंकायलाही आम्ही भ्यायचो.

त्यांचा धाकटा भाऊ अशोक घरात गप्प बसून असायचा. जेवण नाही, बोलणं नाही. सोलापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर कुठं थोडा सावरला होता.
त्यांची आई म्हणायची, "गोळ्यानं पोरगं नुसतं झोपतंय. आपल्या बांधावरच्या पाल्यानं माणूस उठतंय, आमी बघितलंय."
ताईंनी तो पाला लॅबमध्ये आणला. नाव मुद्दाम लिहीत नाही. उद्या कुणीतरी उकळून प्यायचं.

दुष्काळाचा उन्हाळा होता. टँकर येईल तेव्हा येईल. माणसांना प्यायला नाही, तिथं उंदरांना कोण देणार?
म्हणून दिवसभर एकच पाणी. आधी साधे उंदीर, मग गोळीवाले, शेवटी पाल्याचा अर्क दिलेले.
पाणी ओतून द्यायला आमच्यातल्या कुणाचाच हात धजावला नसता. तसं कुणाच्या मनातही आलं नाही.

पाल्याचे उंदीर गोळीवाल्यांपेक्षा जास्त धडपडले!
ताईंना मी पहिल्यांदा हसताना बघितलं. "भूमकर, माय खरी निघाली की रं!"
शनिवारी एसटीनं गावी जाऊन त्यांनी घरी रिझल्ट सांगितला. आईनं गोळ्या बंद केल्या, काढा सुरू केला. ताईंनी अडवलं नाही.

पाऊस यायच्या आधी अशोकनं जीव दिला.

पावसाळ्यात लॅबच्या नळाला पाणी आलं. ताईंनी सगळा प्रयोग पुन्हा लावला. या वेळी प्रत्येक उंदराला नवं पाणी.
पाल्याचे उंदीर साध्या उंदरांसारखेच तरंगले.

आधीच्या उंदरांच्या भीतीचा वास त्या जुन्या पाण्यात उतरला होता. शेवटचे उंदीर त्या वासानं धडपडत होते. पाल्याचा काही संबंधच नव्हता.
ताई भांड्याला धरून उभ्या राहिल्या. "पानी बदलाया पायजे व्हतं," एवढंच म्हणाल्या.

आईला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. म्हातारी शेवटपर्यंत म्हणायची, "काढा उशिरा दिला गं, न्हायतर वाचलं असतं पोरगं."
ताई मान हलवायच्या. "व्हय, माय."

पुढं ताई शिकवायला लागल्या. प्रत्येक उंदरामागे विचारायच्या, "पाणी बदललं का?" पोरं मागून नकला करायची. मला त्या नकलांचा संताप यायचा.

दुष्काळात गेलेल्यांत अशोकला कुणी धरलं नाही. मी धरतो.

काल दवाखान्यात मी चमच्यानं पाणी ओठांशी नेलं. त्यांनी तोंड मिटून घेतलं.
"भूमकर, पानी बदललंस का?"
"बदललं, ताई. ताजं आहे."
मग प्यायल्या.

जय भीम, ताई. तुमच्या भूमकरचा हा शेवटचा नमस्कार.