पांढरीवरचा चढ

आमच्याकडची जमीन तव्यासारखी सपाट. डोंगरातल्या शर्यतीत नाव घातलं खरं, पण चढाचा सराव करायचा कुठे? कालव्याचा भराव झाला, पाण्याच्या टाकीचा जिना झाला. शेवटी गावाबाहेर बाभळींमागे एक टेकाड सापडलं. रोज सकाळी दहा फेऱ्या मारू लागले.

आजूबाजूला सगळं काळं रान आणि या टेकाडाची माती तेवढी राखेसारखी, पांढुरकी. पाय घसरला की खापराचे तुकडे निघत. एकदा जात्याची अर्धी पाळ निघाली. ती बाजूला ठेवून मी पळत राहिले.

शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं एकदा थांबवलं. "पोरी, ही पांढरी हाय. जुनं गाव हितंच होतं, पटकीच्या साथीत उठलं. लोकांच्या घरांवरनं पळतीस तू."

"मग नको पळू?"

"पळ की. पण मुकाट्यानं निघू नये. सांगून जावं."

म्हणजे हा डोंगर नव्हताच. भिंत पडली, तिच्यावर दुसरी उभी राहिली; माणसं नुसती राहत गेली आणि चढ तयार झाला.

शर्यत झाली. काल निरोप घ्यायला गेले. आता परत कशाला यायचंय, म्हणून 'जाते' म्हणणार होते. तोंडून सवयीनं निघालं, "येते."

अर्ध्या उतारावर ध्यानात आलं, आपण शब्द देऊन बसलो. वळून पाहिलं. वर कुणी नव्हतं, म्हातारीही खाली बाभळींपाशी होती. पण शेळ्यांनी चरणं थांबवलं होतं आणि माना बाजूला घेऊन त्या सरकल्या होत्या, पोचवायला उंबऱ्यापर्यंत आलेल्या कुणाला तरी वाट दिल्यासारख्या.