उजवा कौल

सुरंगीच्या ओल्या कळ्यांचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. दादा बसऱ्याच्या लढाईवरून परत आला तो मुका होऊनच. नुसता नारळ पडला तरी पडवीच्या कोपऱ्यात अंग चोरून थरथरायचा. मग आमचा तांबडा कुत्रा त्याच्या मांडीवर मान टाकायचा, आणि त्याला कुरवाळता कुरवाळता दादा शांत व्हायचा. हे सगळ्यांना दिसत होतं. तरी काका म्हणाले, "ह्या कुत्र्याच्याच पायी त्याला बाधा झालीय." कुत्र्याला घालवायचं का, असा देवीला कौल लावला. गुरवाने पाषाणाला चिकटवलेल्या सुरंगीच्या ओल्या कळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. त्याच दुपारी कुत्र्याला होडीत घालून खाडीपलीकडे दाभोळला सोडलं. मी भांडले, तर काका ओरडले, "देवीनं उजवा दिलान, आता तोंड उघडायचं नाय!" शिमग्याचे ढोल वाजले तेव्हा दादा कोपऱ्यात बसून रिकाम्या जमिनीवरून हात फिरवत होता. काका अंगारा लावायला वाकले. दादाने त्यांचं मनगट धरलं आणि लढाईनंतर पहिल्यांदा बोलला, "मला विचारलात काय?" काका गेले, दादाही गेला. गावात कौल अजून लागतो, आणि मी त्या देवळाची पायरी चढत नाही.