मोल, हिंग आणि आईचा अळू

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरात आम्ही तिघं राहतो, आणि अंगणाखाली एक मोल राहतो.

मोल म्हणजे उंदराएवढा, जवळजवळ आंधळा, जमिनीखाली बोगदे खणत हिंडणारा प्राणी. त्याने लॉन पोखरलं तेव्हा मी काही बोललो नाही. (लॉनवर माझा कधीच जीव नव्हता!) पण तो अळूच्या वाफ्यात शिरला आणि माझं डोकं फिरलं. तो वाफा आईने लावलेला. मागच्या खेपेला ती आली, अळू लावला आणि सांगलीला परत गेली. तेव्हापासून "आई, ये ना" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "तिथं येऊन मला काम काय रे? तुम्ही दोघं लॅपटॉपमध्ये, पोर शाळेत. मी काय भिंतींशी बोलू?"

तिच्या हातचं असं या घरात तेवढंच उरलं होतं. आणि आता खालची माती पोकळ झाल्यामुळे पानं माना टाकत होती.

विष घालायची सोय नव्हती. "बाबा, नो पॉयझन! ही इज जस्ट अ बेबी!" माझ्या मुलीने, ईराने, बजावलं. (बेबी कशावरून, ते तिलाच ठाऊक.) शेवटी आईलाच व्हिडिओ कॉल लावला.

"हिंगाचं पाणी ओत. वासानंच पळेल," आई म्हणाली.

"किती हिंग?"

"चिमूटभर रे! अंदाज म्हणून नाहीच तुला."

चिमूटभर हिंगाला अमेरिकन प्राणी काय दाद देणार! मी इंडियन स्टोअरमधले होते नव्हते तेवढे डबे आणले, बादलीत कालवले आणि एकेका बोगद्यात ओतले. थोड्याच वेळात अख्खी गल्ली घमघमली. शेजारच्या बार्बरा आजी "गॅस लीक! गॅस लीक!" ओरडत कुत्र्यासकट रस्त्यावर आल्या. पाठोपाठ आगीचा बंब!

हेल्मेटवाला धिप्पाड जवान वास घेत घेत थेट माझ्या बादलीपाशी आला.

"सर, व्हॉट इज धिस?"

"स्पाइस."

"यू ईट धिस?"

"रोज. वरणात."

त्याने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला मात्र त्या वासात सांगलीचं स्वयंपाकघर दिसायला लागलं होतं. आई फोडणी घालतेय, "हात धुतलेस का?" विचारतेय. इतकी आठवण आली की भर अंगणात डोळे वाहायला लागले. जवानाला वाटलं, मला गॅस चढला! मला बंबाच्या पायरीवर बसवून त्याने तोंडाला ऑक्सिजन लावला.

ईराने हे सगळं आजीला लाइव्ह दाखवलं.

"अगं बाई! चिमूटभर म्हटलं होतं ना?" आई फोनमधून ओरडली. "बरा आहेस का? आणि माझा अळू दाखव आधी!"

ईराने फोन वाफ्यावर धरला. आईने चष्मा चढवून माना टाकलेली पानं न्याहाळली.

"तिकीट काढ माझं. तुझ्याच्यानं व्हायचं नाही हे. त्या मेल्याला मीच बघते."

इतकी वर्षं मी विनवण्या करून थकलो होतो, आणि एका मोलने काम केलं! मास्कच्या आत मी हसत होतो की रडत होतो, माझं मलाच कळेना.

आई पुढच्या महिन्यात येतेय. पंचाईत एवढीच, की हिंग लागू पडला. मोल गेला! अळू टवटवीत झालाय आणि नवा बोगदा एकही नाही. पण हे आईला सांगायचं कसं? ती पुन्हा म्हणायची, "मग मला काम काय?" म्हणून रोज सकाळी, तिचा फोन यायच्या आधी, मी खुरपं घेऊन लॉनमध्ये गुडघ्यांवर बसतो आणि ताजे बोगदे काढून ठेवतो.

"मेला भलताच माजलाय!" आई म्हणते.

"हो ना," मी म्हणतो आणि नखांतली माती लपवतो.