शिट्टीमास्तरांचे मासे

शाळेत कवायत शिकवण्यात ज्यांचं उभं आयुष्य गेलं, त्या मास्तरांना सगळी गल्ली पाठीमागे शिट्टीमास्तर म्हणत असे, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. निवृत्त झाले तरी शिट्टी काही खिशातून गेली नव्हती. दाराशी चपला टाचेला टाच लावून उभ्या, फळीवरचे डबे उंचीप्रमाणे. "माझ्या घरात मिठाचा डबासुद्धा सावधान असतो," असं त्यांची बायको शेजारणींना सांगे आणि सांगता सांगता पदर तोंडाला लावी.

मुलाची बदली झाली आणि तो बायको-मुलीला घेऊन घरी राहायला आला, तेव्हा मास्तरांना कोण आनंद झाला. नात पहिलीत. घरात सगळे तिला बबडी म्हणत. दिवसभर स्वतःशीच काहीबाही गुणगुणत हिंडायची. पण मास्तर खोलीत आले, की गाणं मध्येच तुटायचं आणि पोरगी ताठ. एकदा त्यांनी मायेनं "बबडे" म्हणून हाक मारली, तर आतून उत्तर आलं, "हजर, सर." मुलगा आणि सून हसून बेजार झाले. मास्तरही हसले, पण सगळ्यांच्या आधी थांबले.

"पोरगी माझ्याजवळ बसत का नाही गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमच्यासमोर कोण बसतं? सगळे उभेच राहतात," ती डाळ निवडता निवडता म्हणाली. "ओढून आणू नका तिला. खोलीत असं काहीतरी ठेवा, की ती आपल्या पायांनी येईल."

त्यांच्या खोलीत मुलानं हौसेनं घेतलेली काचेची मोठी टाकी होती. बायकोनं तिच्यात रेती पसरून पाणवनस्पती लावल्या होत्या. तिच्या हाताला यश होतं. लावलेलं काही वाया म्हणून जात नसे. "आधी पाणी स्थिरावू द्या, झाडं रुजू द्या, मग जीव सोडायचे," असं म्हणून तिनं मासे थोपवून धरले होते. आता झाडांनी अर्धी टाकी व्यापली होती. मास्तरांनी ठरवलं, मासे आपण आणायचे. बबडी बघायला येईल आणि बघता बघता शेजारी बसेल.

शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात त्यांनी फेऱ्या घालायला सुरुवात केली. प्रत्येक टाकीसमोर हात मागे बांधून, तपासणीला आल्यासारखे उभे राहत. मासेवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. पोट सुटलं होतं, पण मास्तर दिसले की ते आत घ्यायचा प्रयत्न करी.

"हे पट्टेवाले कोण?"

"टायगर बार्ब. दिसायला झोकदार, पण दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतात."

"खोडकर तुकडी नको. आणि हा पंख पसरलेला?"

"एंजल. आज गरीब वाटतो, मास्तर. मोठा झाला की बारक्यांना गिळतो."

"अरे, मग घरात लहान मूल असताना ठेवायचं काय?"

"छोटा, शांत, कळपात राहणारा मासा घ्या. आणि एकाच जातीचा घ्या. चार याचे, चार त्याचे असं केलंत, तर सगळेच एकटे पडतील."

मग त्यांनी निऑन टेट्रा पाहिले. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, अंगावर निळी रेघ, खाली लाल. सगळे एका कोपऱ्यात दाटीनं. मासेवाल्यानं जाळी बुडवली मात्र, सगळा थवा एका क्षणात डावीकडे वळला. मास्तरांचे मागे बांधलेले हात सुटले. शिट्टी नाही, हुकूम नाही, आणि एकाचंही पाऊल चुकलं नाही. देवानं माशाला पाऊल दिलं नाही ही गोष्ट वेगळी.

"हेच," ते म्हणाले. "अख्खी तुकडी दे."

घरी आणल्यावर त्यांनी पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट होऊ दिलं आणि मग मासे हळूच सोडले. मासे झाडामागे एकत्र जमले. "बबडे, बघ, काय कवायत आहे!" बबडी आली. दारातच थांबली, हात मांड्यांना चिकटवून. "छान आहे, आजोबा," म्हणाली आणि गेली.

पुढे काही दिवसांत तुकडीची शिस्त बिघडायला लागली. एक मासा पानाखाली, दुसरा पंपाच्या बुडबुड्यांपाशी, दोन-तीन उगाच वर. मास्तर अस्वस्थ झाले. आजार तर नव्हे? त्यांनी काचेवर नखानं टकटक केलं, आणि काय आश्चर्य, सगळे पुन्हा ओळीत. त्यांना गुरुकिल्लीच सापडली. बबडीला बोलवायच्या आधी ते टकटक करून घेत.

"का छळता त्या मुक्या जिवांना?" बायको म्हणे.

"छळतोय कुठं? वळण लावतोय."

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. टकटक केली की निळी रेघ फिकी पडायची आणि टाकलेलं खाणं तसंच तळाशी जायचं. असं का व्हावं? मास्तर प्रयोग करू लागले. दाण्‌दाण् चालत आले, तर ओळ. चोरपावलांनी आले, तर जरा सैल. उभे राहिले, त्यांची सावली पाण्यावर पडली, तर सगळे एकमेकांना चिकटून. दुकानात तर दिवसभर जाळी आणि हात, हे त्यांना आठवलं. कोडं जवळजवळ सुटलं होतं, पण त्याचं उत्तर त्यांना आवडत नव्हतं.

मग एका दुपारी ते बाहेरून आले तेव्हा खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. बायको देवापुढे बसली होती, तिचं हे नव्हे. ते चपला न काढताच खोलीच्या दारापर्यंत आले. बबडी जमिनीवर मांडी घालून, नाक काचेला टेकवून बसली होती. आणि टाकीत मासे कुठेही होते! कोणी पानात, कोणी रेती हुंगत, कोणी तिच्या नाकासमोर. निळ्या रेघा अशा पेटलेल्या, की मास्तरांनी तो रंग आधी कधी पाहिलाच नव्हता.

ते एक पाऊल पुढे आले. सावली आत पडली. मासे झटकन एका ठिकाणी गोळा झाले, आणि त्याच क्षणी बबडी उठून ताठ उभी राहिली.

मास्तरांनी माशांकडे पाहिलं, मग नातीकडे. मग ते मागे सरकले, चपला दाराबाहेर काढल्या, वाकड्या पडल्या त्या तशाच राहू दिल्या, आणि गुडघे कुरकुरले तरी भिंतीशी जमिनीवर बसले.

"काय गात होतीस?" त्यांनी हळू विचारलं.

"काही नाही."

"बरं."

दोघंही टाकीकडे बघत राहिले. एक मासा घोळक्यातून बाहेर आला.

"हा बुटक्या," बबडी पुटपुटली. "हा नेहमी पहिला येतो. ती शेवटची बाहेर येते ना, ती भित्री." मग तिनं त्यांच्याकडे वळून सांगितलं, "आजोबा, तुम्ही हललात की ते घाबरतात. हलायचं नाही हं अजिबात."

"नाही हलत."

ती खाली बसली. आधी हातभर अंतरावर, मग भित्री कुठे आहे ते दाखवायला जवळ, आणि मग त्यांच्या गुडघ्याला टेकून. गाणं कुठूनसं पुन्हा सुरू झालं. मासे एकेक करून पांगले.

स्वयंपाकघरातून बायकोनं चहासाठी हाक मारली, मग पुन्हा मारली. पायाला मुंग्या आल्या होत्या, पण मास्तर जागचे हलले नाहीत. बबडीनं अजून विश्राम म्हटलं नव्हतं.