आवाज नसलेल्या गाड्या आणि मोहनदादा

आधीच सांगतो, माझं शिक्षण आठवीपर्यंतच झालंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. मोठे शब्दही मला येत नाहीत. पण नेरूळच्या आमच्या गॅरेजमध्ये किस्से जुन्या टायरांसारखे साठत जातात. जागा अडवतात, पण टाकवत नाहीत. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितो.

गॅरेज मोहनदादांचं. दादा मूळचे साताऱ्याचे. मी त्यांच्याकडे सात वर्षं मेकॅनिक आहे. गाडी आली की दादा गिऱ्हाइकाला काही विचारत नाहीत. इंजिन चालू करतात, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावतात. ऐकून सांगतात, "व्हॉल्व्ह वाजतोय." चुकलेले मी पाहिले नाहीत.

पहिली इलेक्ट्रिक स्कूटर आली ती ऐरोलीच्या एका आयटीवाल्या मॅडमची. दादांनी चावी फिरवली, स्क्रू ड्रायव्हर लावला, बराच वेळ ऐकलं.

"मॅडम, ही बंद पडलीय."

"काका, ती चालूच आहे."

"चालू हाय? मग बोलत का न्हाई?" म्हणत दादांनी ॲक्सिलरेटर पिळला. गाडी दादांना घेऊन सरळ पाण्याच्या पिंपावर आदळली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी ब्रेकच दाखवायला आणली होती."

*

मग अशा गाड्या वाढल्या. त्यांना ऑइल नाही, प्लग नाही, फिल्टर नाही. दादा ब्रेक बघायचे, टायर बघायचे, नटबोल्ट आवळायचे आणि पंधरा मिनिटांत चावी परत द्यायचे. एक गिऱ्हाईक दादांच्या स्वच्छ हातांकडे बघून म्हणालं, "एवढंच? काही केलंच नाही वाटतं."

दादांना ते लागलं. तेव्हापासून इलेक्ट्रिक गाडीचं काम झालं की दादा दोन्ही हात काळ्या ऑइलमध्ये बुडवायचे आणि मगच चावी द्यायचे. गिऱ्हाईक खूश. "बघा, किती मेहनत घेतली."

एक दिवस ऑइलचा ट्रे कोरडा होता. दादा माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "तुझं हात आण इकडं." माझ्या हातांवर त्यांनी आपले हात चोळले आणि चावी द्यायला गेले.

*

पूर्वी आमच्याकडचं काळं ऑइल भंगारवाला महिन्याला एक ड्रम न्यायचा. आता ड्रम भरायला चार महिने लागतात. गॅरेजमागची जमीन ऑइल सांडून सांडून डांबरासारखी झाली होती. यंदा तिथं गवत आलं.

जागा म्हात्रेकाकांची. काका इथल्या गावातले, शहर व्हायच्या आधी तिथं त्यांचंच शेत होतं. ते गवतापाशी उकिडवे बसले.

"बघ रं मोहन, माज्या बापसाच्या भातानंतर इथं आता हिरवा दिसतंय."

दादाही शेजारी बसले. "काका, तुमचं गवत वाढतंय तसतसं माझं काम कमी व्हतंय."

काकांनी गवताचं एक पातं चिमटीत धरलं. मग म्हणाले, "मंग काय, उपटू?"

*

त्यानंतर आठवड्याभराने दादांनी काकांना सांगून टाकलं, "दिवाळीला जागा सोडतो. गॅरेज बंद. गावी जातो."

मी पंक्चर काढत होतो. ते दोघं बोलत असताना सात वर्षांत मी मध्ये बोललो नव्हतो. त्या दिवशी तोंडातून निघालं.

"दादा, ऐरोलीला इलेक्ट्रिक गाड्यांचा क्लास आहे. मी नाव घातलंय. तुमचंपण घातलंय."

"मला इचारलंस?"

"नाही."

"आरं, बावन्न वय माझं."

"फॉर्मवर वय नव्हतं. शिक्षण होतं. त्यात आपण दोघं सारखेच."

काकांना हसता हसता ठसका लागला. सोमवारी दादा क्लासला इस्त्रीचा शर्ट घालून आले.

*

क्लास घ्यायला एक तरुण मुलगी होती. ती दादांना सर म्हणायची. दुसऱ्याच दिवशी तिने सांगितलं, "बॅटरीला हात लावायच्या आधी अंगावरचं धातूचं सगळं काढायचं. घड्याळ, कडं, अंगठी."

दादांच्या बोटात लग्नातली अंगठी. इतकी वर्षं पाने फिरवून बोट जाड झालेलं. साबण लावला, दोरा गुंडाळला, ग्रीस लावलं. निघेना.

"अंगठी असेल तर प्रॅक्टिकल करता येणार नाही, सर. शॉक लागू शकतो."

"लग्नातली हाय. ही कापायची न्हाई," दादांनी पिशवी उचलली. "चल रं. आपलं काम न्हवं हे. गाव बरा."

मी बाहेर जाऊन वहिनींना फोन लावला, सगळं सांगितलं, आणि आत येऊन स्पीकर चालू केला.

"आवं, कापा की," वहिनी म्हणाल्या. "म्या काय बोटाशी लगीन केलंय व्हय?"

सगळा वर्ग हसला. शिकवणारी मुलगीही हसली. दादा हसले नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "हळू कर."

अंगठीखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवून मी कानशीने घासत राहिलो. बोटाला लागू नये म्हणून वेळ लागला. अंगठी सुटली तशी दादांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि हातमोजे मागितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासला अर्धा तास आधी गेलो आणि पहिल्या बाकावर दोन रुमाल टाकून ठेवले.