दिनानाथचा प्रोजेक्टर

दिनानाथ करंजा बंदराचा, पूर्वी होड्यांचं लोखंडी काम करायचा आणि आता पनवेलला ग्रिल बनवतो, याहून जास्त गुप्ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. मुलंबाळं किती, हेही त्यांनी कधी विचारलं नाही.

२०११ साली मास्तरांच्या पत्नी सुनंदाबाई कमरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या आणि नातीचं लग्न हुकलं. निदान त्याची डीव्हीडी भिंतीवर मोठी दिसावी, म्हणून मुलाने प्रोजेक्टर पाठवला. तो छताला टांगायचं काम दिनानाथने घेतलं. पट्टी, पाइप आणि वर कडी जोडून त्याने स्टँड बसवला आणि त्याला स्वतः लोंबकळून दाखवलं.

"माणूस पेलतो, हा डबा काय पडतोय!"

पण पंखा लावला की प्रोजेक्टर हले, भिंतीवरची वरात डोले आणि सुनंदाबाईंना भोवळ येई. पंख्याशिवाय उकाडा सोसवेना. एवढ्या मेहनतीला नाव कसं ठेवायचं, म्हणून भिडस्त मास्तर चार दिवस गप्पच. शेवटी सुनंदाबाईंनीच त्याला बोलावलं.

"काय रे, नवरदेव होडीतून आला का?"

दिनानाथने वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "होडीतला कंदील असाच टांगतो आमी. होडी कलली तरी तो सरळ. तुमचं घर डुलत नाय, ह्येच इसरलो, बाय!"

कडी काढून त्याने पाइप पक्का केला. त्या दुपारी सुनंदाबाईंनी पंख्याखाली सगळं लग्न पाहिलं.

त्याच वर्षी दिवाळीआधी दिनानाथ वारल्याचं कळलं, तेव्हा मास्तरांना त्या दिवशी तो निघताना दारात झालेलं बोलणं आठवलं.

"चहा घेऊन जा."

"पुढल्या खेपेला, मास्तर. पंखा तेवढा चालू ठेवा."